पंधरा हजारांत प्रोसेसर बदलावा का? सांगलीतील एका गेमिंग संगणकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाच्या संगणकाचे आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. सुटे भाग आणि कामाचा क्रम जसा होता तसाच दिला असून किमती व मोजणीचे आकडे जवळच्या पूर्ण आकड्यात लिहिले आहेत.

संगणक २०१९ च्या अखेरीस, तो डिप्लोमाला असताना, वडिलांनी घेऊन दिलेला होता. त्यात एएमडीचा रायझन ५ २६०० हा सहा कोअरचा (सहा स्वतंत्र गणन-विभागांचा) प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा स्वस्तातला मदरबोर्ड, एनव्हिडियाचे जीटीएक्स १६६० सुपर हे सहा जीबीचे ग्राफिक कार्ड, आठ जीबीची एकच रॅम आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय होता. त्या काळात ही निवड शहाणपणाची होती. जुलै २०१९ मध्ये रायझन ३००० मालिका बाजारात आल्यामुळे आधीच्या पिढीतला २६०० बराच स्वस्त झाला होता, आणि वाचलेले पैसे ग्राफिक कार्डाकडे वळवता आले होते. रॅमची दुसरी पट्टी ‘पुढे बघू’ म्हणून राहिली, आणि बहुतेक घरांत होते तसे ते ‘पुढे’ पाच वर्षे आलेच नाही.

या पाच वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. २०२३ मध्ये त्याने जुना ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर काढून १४४ हर्ट्झचा घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो रोज खेळत असलेल्या खेळाची जागा काउंटर-स्ट्राइक २ ने घेतली. हा नवा खेळ जुन्यापेक्षा प्रोसेसरवर बराच जास्त भार टाकतो. म्हणजे मॉनिटरची मागणी वाढली, खेळाची भूकही वाढली, आणि खोक्यातले सामान मात्र २०१९ चेच राहिले.

अडचण

तक्रार नेमकी होती. एरवी खेळ ठीक चालतो; पण धुराचा गोळा फुटला, चार-पाच खेळाडू एकाच चौकात आले आणि गोळीबार सुरू झाला, की चित्र अडखळते. नेमके त्याच क्षणी नेम धरायचा असल्यामुळे हा अडखळा सरासरीत किरकोळ दिसला तरी खेळणाऱ्याला फार जाणवतो. ‘दादा, प्रोसेसर जुना झालाय, ५७०० एक्स टाकू का? पैसे थोडे वर गेले तरी चालतील,’ असे त्याने विचारले. दिवाळीच्या बोनसमधले पंधरा हजार त्याने यासाठी बाजूला ठेवले होते. स्थानिक दुकानदाराने मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असा संपूर्ण नवा संच सुचवला होता. तो बत्तीस हजारांच्या घरात जात होता.

‘पैसे वर गेले तरी चालतील’ हे वाक्य मी सहसा कानाआड करतो. हाच तरुण पुढच्या दोन वाक्यांत गाडीचे टायर आणि विम्याचा हप्ता डिसेंबरात आहे असेही सांगत होता. म्हणून पंधरा हजार ही कमाल मर्यादा धरायची आणि त्यातले जितके वाचेल तितके वाचवायचे, एवढे सुरुवातीलाच ठरवून घेतले.

पहिला टप्पा: दोष कोणाचा, हे मोजणे

प्रोसेसर कमी पडतो की ग्राफिक कार्ड, याचा निकाल वाद घालून लागत नाही. पाऊण तासाच्या मोजणीत तो लागतो. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारे रिवाट्यूनर ही फुकट साधने वापरून खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला निघणाऱ्या चित्रांची, संख्या, ग्राफिक कार्डाचा वापर, प्रत्येक कोअरचा वापर आणि रॅमचा वापर दिसेल अशी सोय केली. खऱ्या सामन्यात प्रत्येक फेरी वेगळी होते आणि तुलना फसते. म्हणून खेळाच्या वर्कशॉपमधला (खेळाडूंनी बनवलेल्या नकाशांच्या संग्रहातला), मोजणीसाठीच बनवलेला नकाशा वापरला. त्यात कॅमेरा दरवेळी त्याच वाटेने फिरतो आणि धूर, आग, पाणी त्याच क्रमाने समोर येतात.

पहिल्या मोजणीत सरासरी १२० फ्रेम आल्या आणि ‘एक टक्का नीचांक’ पन्नासच्या आसपास होता. हा दुसरा आकडा या प्रकरणात सरासरीपेक्षा महत्त्वाचा आहे. सर्वात संथ एक टक्का फ्रेम कोणत्या वेगाने आल्या, हे तो सांगतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदांनी नवे चित्र हवे असते. ५० फ्रेमचा वेग म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. मधल्या काळात मॉनिटर जुनेच चित्र पुन्हा दाखवत राहतो. तक्रारीतला अडखळा तो हाच.

या वेळी ग्राफिक कार्डाचा वापर ५५ ते ६५ टक्के होता. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर मात्र ४५ टक्केच दिसत होता, आणि संगणकाच्या मालकाचा, म्हणजे त्या तरुणाचा, गोंधळ उडाला तो येथे. दोन्ही भाग निम्मेच काम करत असतील तर अडते कोण? याचे उत्तर त्या ४५ टक्क्यांच्या हिशेबात आहे. २६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे प्रवाह) असतात आणि टास्क मॅनेजर त्या बाराही थ्रेडची सरासरी दाखवतो. खेळाचा मुख्य धागा, म्हणजे कोण कुठे आहे, गोळी लागली का, ग्राफिक कार्डाला पुढचे काय काढायला सांगायचे, हे ठरवणारा भाग, एका वेळी एकाच कोअरवर धावतो. तो कोअर भरला की बाकीचे अकरा थ्रेड रिकामे असूनही पुढची फ्रेम निघत नाही. कोअरनिहाय आकडे पाहिल्यावर एक कोअर सतत नव्वदीच्या पुढे असल्याचे स्पष्ट झाले.

खात्रीसाठी रिझोल्यूशन (चित्रातल्या बिंदूंची संख्या) १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणले. ग्राफिक कार्डाचे काम निम्म्याहून कमी झाले, तरी फ्रेमची संख्या जवळजवळ तेवढीच राहिली. ग्राफिक कार्ड कमी पडत असते तर ती लगेच वर गेली असती. त्याच दिवशी सायबरपंक २०७७ हा जड खेळ लावून पाहिला असता चित्र उलटे निघाले: ग्राफिक कार्ड ९८ टक्क्यांवर, फ्रेम पन्नाशीच्या आसपास, आणि रिझोल्यूशन उतरवताच त्या भराभर वाढल्या. एकाच खोक्यात एका खेळाला प्रोसेसर अपुरा होता आणि दुसऱ्याला ग्राफिक कार्ड. ‘माझ्या संगणकात बॉटलनेक, म्हणजे बाकीच्यांना अडवणारा भाग, कुठे आहे’ या प्रश्नाला खेळाचे नाव जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

मग कोणत्या खेळासाठी खर्च करायचा? याबाबत मालकाच्या आठवणीवर विसंबलो नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक खेळाचे एकूण तास आणि मागील दोन आठवड्यांतले तास नोंदलेले असतात. ते उघडून पाहिले. जवळजवळ सगळा वेळ काउंटर-स्ट्राइकमध्ये गेला होता. सायबरपंक तीन महिन्यांत उघडलेलाही नव्हता.

दुसरा टप्पा: फुकट आणि स्वस्त उपाय आधी

येथपर्यंत आल्यावर प्रोसेसर मागवून टाकण्याचा मोह साहजिक होता. परंतु मोजणी ‘प्रोसेसरची बाजू’ कमी पडते एवढेच सांगत होती, आणि रॅम ही त्याच बाजूला मोडते. सीपीयू-झेड हे छोटेसे साधन उघडल्यावर मेमरीच्या पानावर दोन गोष्टी दिसल्या. एकच पट्टी असल्याने मेमरी एकाच वाहिनीवर चालत होती, आणि पट्टीवर ३२०० छापलेले असूनही ती २४०० च्या वेगाने धावत होती.

हा प्रकार इतक्या घरांत दिसतो की त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. रॅमच्या खोक्यावरचा वेग आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डवरील मूळ आज्ञावलीत) जाऊन एक्सएमपी नावाची तयार मांडणी सुरू करावी लागते. ती केली नाही तर मदरबोर्ड सुरक्षित पण संथ वेग धरून बसतो. रायझनमध्ये याचा फटका अधिक बसतो, कारण प्रोसेसरच्या आतल्या विभागांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिक या जाळ्याचा वेग मेमरीच्या वेगाशी बांधलेला असतो. मेमरी मंद, तर आतली ये-जाही मंद. या तरुणाने पाच वर्षे पैसे ३२०० चे मोजून वेग २४०० चा वापरला होता.

एक्सएमपी सुरू केल्यावर सरासरी १३० झाली आणि नीचांक ५७ वर आला. खर्च शून्य. त्यानंतर त्याच कंपनीची आठ जीबीची दुसरी पट्टी सतराशे रुपयांना घेतली. ती बसवून ३२०० वर संगणक सुरू केला, तर पंखे फिरायचे, पडदा काळाच राहायचा आणि काही क्षणांनी संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. दोन्ही पट्ट्यांवर नाव एकच असले तरी त्यांच्या खरेदीत पाच वर्षांचे अंतर होते. आतल्या चिप वेगळ्या असण्याची शक्यता दाट होती. शिवाय २६०० या प्रोसेसरची अधिकृत मेमरी मर्यादा मुळात २९३३ आहे. एक्सएमपीची मांडणी ठेवून वेग तेवढा २९३३ वर उतरवताच संगणक निमूट चालू झाला, आणि रात्रभर मेमरी तपासणी लावून ठेवली असता एकही चूक निघाली नाही. आता सरासरी १४८ आणि नीचांक ७० होता.

पहिला खरा निर्णयबिंदू: येथेच थांबायचे का?

सतराशे रुपयांत नीचांक ५० वरून ७० वर आला होता. माझे मत त्या क्षणी थांबण्याकडे झुकत होते, आणि ते मी मालकाला सांगितलेही. त्याने काही आठवडे आहे तसे खेळून पाहावे, मगच पुढचे ठरवावे, असे ठरले. दसऱ्याच्या आगेमागे ऑनलाइन विक्रीत किमती उतरतात, त्यामुळे थांबण्यात तोटाही नव्हता.

त्या काळातल्या अनुभवावरून त्याने सांगितले की सामना बहुतांश वेळ गुळगुळीत चालतो. मात्र दहाही खेळाडू एका जागी आले की अडखळा अजून येतो, पूर्वीपेक्षा कमी, पण येतो. आकडेही तेच सांगत होते. सरासरी १४८ असल्याने मॉनिटरचा वेग एरवी गाठला जात होता, पण गर्दीच्या क्षणी तो निम्म्यावर घसरत होता. बोनसचे पैसे जवळजवळ अख्खे शिल्लक होते आणि तक्रार अर्धीच मिटली होती. म्हणून प्रोसेसरचा प्रश्न पुन्हा पटावर घेतला, फरक एवढाच की आता नव्या प्रोसेसरकडून नेमके काय हवे ते ठाऊक होते.

विचारात घेतलेले पर्याय

दुकानदाराने सुचवलेला नवा संच आधी बाजूला केला. एएमडीचे एएम५ हे नवे सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसरची बैठक) सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि ते फक्त डीडीआर५ या नव्या प्रकारची मेमरी घेते. म्हणजे नुकत्याच पूर्ण केलेल्या डीडीआर४ च्या जोडीसकट सगळेच बदलावे लागणार होते. पुढे वाढायला त्यात जागा आहे हे खरे, पण बजेटच्या दुपटीचा पर्याय हा या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. ग्राफिक कार्ड बदलण्याचा विचारही याच कारणाने फार लांबला नाही: रेडिऑन आरएक्स ६६०० सारखे कार्ड वीस हजारांच्या जवळ जात होते, आणि ज्या खेळात आहे तेच कार्ड पूर्ण राबत नाही त्या खेळात नव्या कार्डाने काहीच साधले नसते.

जुन्या सॉकेटचा लाभ येथे मिळाला. एएम४ हे सॉकेट २०१६-१७ पासूनचे, आणि एएमडीने त्यावर २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आणले. बी४५० मदरबोर्डवर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिका चालते. त्यामुळे खरी निवड याच घराण्यातल्या प्रोसेसरांमध्ये होती.

वापरलेला रायझन ५ ३६०० पाच हजारांच्या आसपास मिळत होता. पैशाच्या हिशेबात हा पर्याय मोहक होता आणि मालकाच्या एका मित्राने तोच लावून धरला होता. पण प्रोसेसरच्या रचनेकडे पाहिले की फरक कळतो. २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) मिळते. ३६०० मध्ये प्रत्येक गटाची कॅशे सोळा एमबी झाली, पण गट दोनच राहिले. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर वळसा घालून जावे लागते. ५६०० मध्ये, म्हणजे झेन ३ रचनेत, सहाही कोअर एकाच गटात आले आणि ३२ एमबी कॅशे सर्वांना सामाईक झाली. एएमडीने झेन २ च्या, म्हणजे ३६०० च्या रचनेच्या, तुलनेत झेन ३ मध्ये एका घड्याळ ठोक्यात होणारे काम सरासरी १९ टक्क्यांनी वाढल्याचा दावा केला होता. खेळांत सामाईक कॅशेचा लाभ अनेकदा त्याहून अधिक दिसतो. ३६०० घेऊन अडखळा आणखी थोडा कमी झाला असता आणि वर्षभरात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता, असा माझा अंदाज होता. शिवाय वापरलेल्या एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. एखादी वाकलेली पिन छायाचित्रात दिसत नाही, आणि वॉरंटीचा पत्ता नसतो.

रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांच्या नावात शंभराचा फरक आहे आणि त्या वेळी किमतीत अडीच हजारांचा होता. या दोघांना जुळे भाऊ समजण्याची गल्लत फार होते. ५५०० मध्ये एल३ कॅशे सोळा एमबीच आहे आणि ग्राफिक कार्डाला जोडणारा पीसीआय एक्स्प्रेस हा मार्गही तिसऱ्या पिढीचा. दुसऱ्या उणिवेशी या मालकाला कर्तव्य नव्हते, कारण बी४५० मदरबोर्डच मुळात तिसऱ्या पिढीचा आहे. पहिली उणीव मात्र ज्या जागी दुखत होते तिथेच बोट ठेवणारी होती. पैसे कॅशेसाठीच मोजायचे असताना निम्म्या कॅशेचा प्रोसेसर घेऊन अडीच हजार वाचवणे पटले नाही.

मालकाच्या मनातला ५७०० एक्स हा आठ कोअरचा प्रोसेसर साडेचौदा हजारांच्या आसपास होता आणि त्याच्या खोक्यात कूलर येत नाही. खेळात अडत होता तो एक धागा. सातवा आणि आठवा कोअर त्याला मदतीला येत नव्हता. हा तरुण व्हिडिओ एडिटिंग किंवा स्ट्रीमिंग करत असता तर हिशेब वेगळा झाला असता. त्याने दोन्हींपैकी काहीच करत नसल्याचे सांगितले, आणि ‘पुढे कधीतरी करीन’ याला मी किंमत दिली नाही.

राहता राहिला ५७०० एक्स३डी. ९६ एमबी कॅशे असलेला हा प्रोसेसर जानेवारी २०२४ मध्ये आला, आणि या खेळासाठी तांत्रिकदृष्ट्या सर्वांत योग्य तोच होता यात शंका नाही. किंमत वीस हजारांच्या आसपास, वर कूलर वेगळा. १६६० सुपर असलेल्या संगणकात त्याचा बराचसा वेग वाया गेला असता, कारण ५६०० बरोबरच ग्राफिक कार्ड आपल्या मर्यादेजवळ पोचणार होते. निर्णय ५६०० च्या बाजूने झाला.

प्रत्यक्ष कृती

खरेदी दसऱ्याच्या विक्रीत, कंपनीच्या सीलबंद खोक्यातली आणि जीएसटी बिलासह झाली. किंमत १०,६०० रुपये. खोक्याविना मिळणारा ट्रेमधला नग आठशे रुपयांनी स्वस्त होता, पण बॉक्स पीसला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते आणि ट्रेवरच्या नगाला बहुधा दुकानदाराच्या शब्दावर राहावे लागते. पार्सल उघडतानाचे चित्रीकरणही करून ठेवले. आजकाल ते करावेच लागते.

नवा प्रोसेसर हातात आला तरी तो लगेच बसवता येत नव्हता. मदरबोर्डवरच्या जुन्या बायोसला ५६०० ओळखू आला नसता आणि पडदा काळाच राहिला असता, म्हणून बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलायचा होता. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील यादीत ५६०० ला किमान कोणती आवृत्ती लागते ते पाहिले. तिथल्या टिपेत आधी एक मधली आवृत्ती टाकून मगच शेवटच्या आवृत्तीवर जावे असे स्पष्ट लिहिले होते. ही टीप वाचली नसती तर काय झाले असते, हा विचार नको वाटतो. जुन्या बायोसमधील मांडणीची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली, कारण अद्ययावत केल्यावर एक्सएमपीसकट सगळे पुसले जाते.

त्या आठवड्यात परतीचा पाऊस सुरू होता आणि संध्याकाळी वीज दोन-चारदा जात होती. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. घरात इन्व्हर्टर होता, पण साध्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद पडतो. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातला यूपीएस तासाभरासाठी मागून आणला, आणि काम सकाळी उरकले.

सर्वांत नाजूक काम जुना कूलर काढण्याचे होते. पाच वर्षांत थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी चिकटते. एएम४ मध्ये प्रोसेसरला वरून दाबून धरणारी चौकट नसल्यामुळे कूलर सरळ वर खेचला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबतच बाहेर येतो, आणि पिना वाकतात. म्हणून आधी वीस मिनिटे जड खेळ चालवून प्रोसेसर तापवला, संगणक बंद करून केबल काढली, चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल केले आणि कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत राहिलो. काही वेळाने पेस्ट सुटल्याचा बारीक चिकट आवाज आला आणि तो मोकळा झाला. तळाशी पेस्टचा करडा, भेगाळलेला थर होता. बाजूच्या पात्यांत पाच वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती. २६०० सुखरूप निघाला. पुढे तो साडेतीन हजारांना विकला गेला, त्यामुळे या वीस मिनिटांना तेवढे मोल होते.

नवा प्रोसेसर बसवून पहिल्यांदा संगणक सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर एक इंग्रजी सूचना आली: नवा प्रोसेसर आढळला आहे, एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षा-किल्ल्यांचा साठा) पुसून नव्याने मांडायचे का? ज्यांनी विंडोजमध्ये बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे साधन सुरू ठेवले आहे त्यांनी येथे ‘हो’ म्हणण्यापूर्वी रिकव्हरी की हाताशी आहे याची खात्री करायला हवी. नाहीतर स्वतःचीच हार्ड डिस्क उघडता येत नाही. या संगणकात बिटलॉकर बंद असल्याचे आधीच तपासले होते, म्हणून वाय दाबून पुढे गेलो. बायोसमध्ये एक्सएमपी पुन्हा सुरू केले. २६०० ला न झेपलेल्या त्याच दोन पट्ट्या ५६०० ने पहिल्याच प्रयत्नात ३२०० वर उचलल्या.

निष्पत्ती

त्याच नकाशावर, त्याच मांडणीत सरासरी २०५ आणि नीचांक १०५ आला. ग्राफिक कार्डाचा वापर आता ९० टक्क्यांच्या पुढे जाऊ लागला, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांच्या तोलाचे झाले. मालकाच्या सांगण्यानुसार धुरातला अडखळा शोधूनही सापडत नाही. सायबरपंकमध्ये सरासरी फ्रेम होत्या तिथेच राहिल्या; बाजारपेठेच्या गर्दीत गाडी हाकताना बसणारे झटके तेवढे कमी झाले. हे अपेक्षितच होते, पण मालक किंचित हिरमुसला, कारण नवा प्रोसेसर म्हणजे सगळेच खेळ सुसाट होतील अशी आशा मनात कुठेतरी उरलेलीच असते.

एक उणीवही नोंदवायला हवी. खोक्यातला छोटा कूलर ५६०० ला पुरतो, पण सांगलीच्या ऑक्टोबरच्या उन्हात पंख्याचा आवाज चढतो आणि तापमान ऐंशीच्या घरात जाते. पंख्याची मांडणी बदलून आवाजाचे चढउतार कमी केले. मेमधल्या दुपारी काय होईल, हे तेव्हाच कळेल.

एकूण खर्च रॅम १,७००, प्रोसेसर १०,६०० आणि थर्मल पेस्ट व सफाईचे साहित्य ३०० असा १२,६०० रुपये झाला. जुन्या प्रोसेसरचे ३,५०० वजा जाता ९,१०० रुपये. बोनसमधले ५,९०० शिल्लक राहिले.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट मोजणीसंबंधी. दुसऱ्या पट्टीमुळे झालेला लाभ किती वाहिनी दुहेरी झाल्यामुळे आणि किती मेमरी आठची सोळा जीबी झाल्यामुळे, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. मागे ब्राउझर आणि गप्पांसाठीचे डिस्कॉर्ड चालू ठेवून खेळण्याची सवय असल्याने आठ जीबी मेमरी आधीच काठोकाठ भरत होती. ज्याच्याकडे सोळा जीबीची एकच पट्टी आहे त्याने दुसरी बसवून एवढीच वाढ मिळेल असे धरू नये.

दुसरी गोष्ट काळासंबंधी. एक्सएमपी आणि रॅमचे काम २०२३ मध्ये, नवा मॉनिटर आला त्याच दिवशी व्हायला हवे होते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेणारा प्रत्येक जण ग्राफिक कार्डाची चौकशी करतो आणि मेमरीच्या वेगाकडे कोणी पाहत नाही. ते तेव्हाच झाले असते, तर मधले वर्ष बरे गेले असते.

तिसरी गोष्ट वापरलेल्या ३६०० ची. माझ्या अंदाजाच्या भरवशावर तो पर्याय नाकारला गेला. तो बसवून मोजलेला नाही. ज्याचे बजेट खरोखरच पाच हजारांवर संपते आणि ज्याला विकणारा माणूस ओळखीचा आहे, चालू संगणकावर प्रोसेसर तपासून घेता येतो, त्याने तो घेतल्यास मी त्याला चूक म्हणणार नाही. ६० किंवा ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला तर रॅमच्या टप्प्यानंतर पुढे जाण्याचे कारणच नव्हते.

ग्राफिक कार्डाचा प्रश्न अजून उभा आहे. उरलेल्या ५,९०० रुपयांना हात न लावता त्यात भर घालायची आणि स्टीमवरील तासांत काउंटर-स्ट्राइकऐवजी जड खेळांचा वाटा निम्म्यावर गेला तरच कार्ड बघायचे, असे त्याने ठरवले आहे. तेव्हा दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतील. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा आणि तोपर्यंत सहा-सात वर्षे जुना असेल. दुसरे, आरएक्स ६६०० सारखी आठच मार्गिकांची कार्डे या मदरबोर्डच्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर काही खेळांत थोडी मागे पडतात. त्यामुळे सोळा मार्गिकांच्या कार्डाची किंमतही त्याच वेळी विचारून ठेवावी लागेल.